नाताळ तारखेने, ईस्टर तिथीने: ख्रिस्ती सणांचं गणित समजून घेऊ या

वर्षाच्या सुरुवातीला सुट्ट्यांची यादी लागली की ख्रिस्ती माणसाला ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो: "अहो, तुमचा गुड फ्रायडे यंदा इतका लवकर कसा?" विचारणाऱ्याचं बरोबरच असतं. २०२४ साली गुड फ्रायडे २९ मार्चला होता. २०२५ साली तो थेट १८ एप्रिलला गेला. २०२६ साली ३ एप्रिल, आणि २०२७ साली पुन्हा मागे सरकून २६ मार्च. नाताळ मात्र २५ डिसेंबरवरून हलत नाही. एकाच धर्माचे दोन मोठे सण, मग एक जागेवर खिळलेला आणि दुसरा सतत फिरता का?

पोप दरवर्षी तारीख जाहीर करतात असा अनेकांचा समज आहे. तसं काही नाही. २०४५ सालचा ईस्टर ९ एप्रिलला आहे, हे आजच सांगता येतं. त्यामागचं गणित मराठी माणसाला परकंही नाही. तिथी आणि तारीख यांचा संसार आपण रोजच करतो. शिवजयंती सरकारी पातळीवर १९ फेब्रुवारीला असते, आणि अनेक जण ती फाल्गुन वद्य तृतीयेलाही साजरी करतात. तिथीची शिवजयंती दरवर्षी वेगळ्या तारखेला का येते, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ख्रिस्ती वर्षातही हेच दोन प्रवाह आहेत. नाताळ तारखेने येतो आणि ईस्टर तिथीने.

### ईस्टर पौर्णिमेला का बांधला गेला

येशू वधस्तंभावर मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, मेलेल्यांतून उठला, हा ख्रिस्ती विश्वासाचा गाभा. त्या पुनरुत्थानाचा सण म्हणजे ईस्टर, आणि त्याआधीचा शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे. नाताळची रोषणाई डोळ्यांत भरते, म्हणून पुष्कळांना तोच मुख्य सण वाटतो. चर्चच्या दृष्टीने मात्र वर्षाचा कळस ईस्टर आहे.

हे सगळं यरुशलेमात वल्हांडण सणाच्या दिवसांत घडलं. वल्हांडण म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून सुटका झाल्याची आठवण म्हणून यहुदी लोक पाळतात तो सण. यहुदी महिना चंद्राचा असतो आणि त्या काळी तो चंद्रकोर दिसली की सुरू होई. वल्हांडणाचा कोकरा निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी मारायचा, असं मोशेचं नियमशास्त्र सांगतं. चंद्रकोरीपासून चौदावा दिवस म्हणजे पौर्णिमा आलीच. शिवाय निसान हा वसंतातला महिना.

म्हणून येशूच्या मरणाची आणि पुनरुत्थानाची आठवण पहिल्यापासून वसंतातल्या पौर्णिमेशी जोडलेली राहिली. पण सुरुवातीच्या शतकांत ती आठवण नेमकी कधी पाळायची यावर मतभेद होते. आशिया मायनरमधल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, काही ख्रिस्ती मंडळ्या वार कोणताही असो, निसानच्या चौदाव्या दिवशीच सण करत. रोम आणि इतर ठिकाणचे लोक म्हणत, पुनरुत्थान रविवारी झालं, तेव्हा सण रविवारीच हवा. एका गावात उपवास चालू आणि शेजारच्या गावात सणाची मेजवानी, असं होऊ लागलं. ३२५ साली निकिया इथे भरलेल्या धर्मपरिषदेने ठरवलं की ईस्टर सगळ्यांनी एकाच रविवारी करायचा, आणि त्यासाठी यहुदी पंचांगावर विसंबायचं नाही. त्यानंतर अलेक्झांड्रियाच्या गणितज्ञांची पद्धत हळूहळू सर्वत्र रुजली.

ती पद्धत रोमकडे नेली डायोनिसियस नावाच्या एका संन्याशाने. ५२५ साली ईस्टरचं कोष्टक तयार करताना त्याने वर्षं येशूच्या जन्मापासून मोजली. आपण आज ज्याला इसवी सन म्हणतो तो असा जन्माला आला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण आपल्या प्रत्येक चेकवर आणि सातबाऱ्यावर जे साल लिहिलं जातं, त्याचं मूळ ईस्टरचा रविवार शोधण्याच्या खटपटीत आहे.

### नियम नेमका काय

वसंत ऋतूत दिवस आणि रात्र समान होतात त्या क्षणाला वसंत संपात म्हणतात. चर्चने हिशोबासाठी त्याची तारीख २१ मार्च धरली आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा शोधायची. त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमाच रविवारी आली, तर पुढचा रविवार घ्यायचा.

यामुळे ईस्टर २२ मार्चच्या आधी येऊ शकत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जाऊ शकत नाही. दोन्ही टोकं क्वचितच गाठली जातात. २२ मार्चला ईस्टर शेवटचा आला तो १८१८ साली, आणि पुन्हा येईल तो २२८५ साली. २५ एप्रिलचा ईस्टर १९४३ साली झाला, पुढचा २०३८ साली आहे.

### घरातलं कॅलेंडर काढून पडताळा

आपल्याकडे या काळात दोनच मोठ्या पौर्णिमा येतात, होळीची आणि हनुमान जयंतीची. ईस्टर यांपैकी एकीच्या मागोमाग असतो. फाल्गुन पौर्णिमा २१ मार्चला किंवा नंतर आली, तर ईस्टर तिच्या पाठोपाठ. ती आधीच होऊन गेली, तर चैत्र पौर्णिमेच्या म्हणजे हनुमान जयंतीच्या पाठोपाठ.

२०२४ साली धुळवड २५ मार्चला होती आणि ईस्टर ३१ मार्चला. २०२२ साली हनुमान जयंती १६ एप्रिलला, शनिवारी होती, आणि लगेच दुसऱ्या दिवशी ईस्टर. २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला, ईस्टर ९ एप्रिलला. २०२६ साली हनुमान जयंती २ एप्रिलच्या गुरुवारी, गुड फ्रायडे दुसऱ्याच दिवशी आणि ईस्टर ५ एप्रिलला. ईस्टर वद्य पक्षाच्या पहिल्या आठवड्यात का सापडतो, ते आता कळेल.

२०२५ साल पाहून काही जण गोंधळतील. तेव्हा हनुमान जयंती १२ एप्रिलला, शनिवारी होती. मग ईस्टर १३ तारखेला हवा होता, तो २० तारखेला कसा गेला? आपण उदयतिथी धरतो, म्हणून सण शनिवारी झाला. पण पौर्णिमा पूर्ण होण्याचा क्षण रविवारी पहाटेचा होता, आणि चर्चने आधीच मांडून ठेवलेल्या पौर्णिमांच्या कोष्टकातही ती १३ एप्रिल अशीच आहे. पौर्णिमा रविवारी आली की पुढचा रविवार, या नियमाने ईस्टर आठवडाभर पुढे गेला.

यामागचं अंकगणितही आपल्या ओळखीचं आहे. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी कमी भरतात. ही तूट भरून काढायला आपल्या पंचांगात अधिक मास येतो आणि १९ वर्षांत असे ७ अधिक मास होतात. १९ गुणिले १२ म्हणजे २२८, त्यात ७ मिळवले की २३५. सूर्याची १९ वर्षं आणि चंद्राचे २३५ महिने जवळजवळ तंतोतंत जुळतात, फरक सुमारे दोन तासांचा. यहुदी पंचांगही १९ वर्षांत ७ महिने वाढवतं. चर्चचं कोष्टक याच १९ वर्षांच्या चक्रावर उभं आहे. २००७ सालच्या कोष्टकातली पौर्णिमा २ एप्रिलची होती, २०२६ सालचीही २ एप्रिलचीच, आणि २०४५ सालचीही तीच. वार मात्र बदलतो, म्हणून २००७ साली ईस्टर ८ एप्रिलला आला आणि २०४५ साली तो ९ एप्रिलला येईल.

### "पण २०१९ साली तर हे जुळलं नव्हतं!"

खरं आहे. बारकाईने पाहणाऱ्याला हा अपवाद सापडतो. २०१९ साली जागतिक वेळेनुसार वसंत संपात २० मार्चला रात्री झाला आणि त्यानंतर काही तासांतच, २१ मार्चला, पौर्णिमा पूर्ण झाली. त्या हिशोबाने ईस्टर २४ मार्चला यायला हवा होता. तो आला २१ एप्रिलला.

कारण चर्च आकाशातला चंद्र बघून तारीख ठरवत नाही, कोष्टकातला चंद्र बघतं. कोष्टकात त्या महिन्याची पौर्णिमा २० मार्चला होती, म्हणजे २१ मार्चच्या एक दिवस आधी. ती बाद झाली आणि पुढची घ्यावी लागली. त्या वर्षी गुड फ्रायडे आणि हनुमान जयंती एकाच दिवशी, १९ एप्रिलला आले.

कोष्टकाचा हट्ट कशासाठी? पौर्णिमेचा क्षण जगात सगळीकडे एकच असला, तरी घड्याळ वेगळं असतं. मुंबईत रविवार उजाडलेला असतो तेव्हा न्यूयॉर्कमध्ये शनिवारची संध्याकाळ असते. प्रत्येकाने आपापल्या आकाशावरून ठरवलं, तर निकियाच्या आधीचा घोळ परत येईल. कोष्टक एकच ठेवलं की लिस्बनपासून मनिलापर्यंत सण एकाच रविवारी होतो.

### एका रविवारावर किती काय अवलंबून आहे

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला फक्त दोन सुट्ट्या दिसतात, त्याही बहुतेक ठिकाणी एकच. प्रत्यक्षात ईस्टर हलला की ख्रिस्ती घरातले तीन-साडेतीन महिने हलतात.

ईस्टरच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार येतो आणि उपवासकाळ सुरू होतो. उपवासकाळ चाळीस दिवसांचा म्हणतात, मग ४६ कसे? मधले सहा रविवार वजा करायचे. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच वार असल्यामुळे त्या दिवशी उपवास नसतो. चाळीस हा आकडा येशूने अरण्यात उपवास केला त्या दिवसांचा. राखेच्या बुधवारी धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळाला राख लावतात, तू माती आहेस आणि मातीला मिळशील याची आठवण म्हणून. ही राख आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. वर्षभर घरात क्रूसामागे खोचून ठेवलेली ती वाळकी झावळी चर्चमध्ये परत जाते.

कॅथलिक नियमानुसार राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे कडक उपवासाचे दिवस. त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचं आणि मांस वर्ज्य. उपवासकाळातल्या इतर शुक्रवारीही मांस टाळतात. नियम एवढाच असला तरी वसईतल्या अनेक घरांत चाळीस दिवस मटण-चिकन शिजत नाही, कुणी दारू सोडतं, कुणी गोड सोडतं आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी बाजूला ठेवतं. शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची भक्ती असते. येशूच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांपाशी थांबत प्रार्थना करायची. नोकरीवरून थेट चर्चमध्ये येणारी माणसं या दिवसांत मोठ्या संख्येने दिसतात.

लग्नांचंही तेच. उपवासकाळात लग्नाला चर्चच्या कायद्याने सरसकट बंदी नाही, पण रीत अशी की या दिवसांत लग्न करायचं नाही. त्यामुळे नाताळनंतर राखेच्या बुधवारपर्यंत लग्नांची एक लाट येते आणि ईस्टरनंतर पावसाळ्यापर्यंत दुसरी. २०२५ साली राखेचा बुधवार ५ मार्चला होता, म्हणजे पहिल्या लाटेला भरपूर दिवस मिळाले. २०२७ साली तो १० फेब्रुवारीलाच आहे. हॉल, बँड आणि केटरिंगवाल्यांनाही मग चंद्राचा हिशोब ठेवावा लागतो.

गोव्याचा कार्निव्हल याच गणितातून आला. उपवास सुरू होण्याआधीचे शनिवार ते मंगळवार हे चार दिवस त्याचे. लोक त्याला पर्यटनाचा महोत्सव समजतात, पण २०२६ साली तो १४ ते १७ फेब्रुवारीला आणि २०२७ साली ६ ते ९ फेब्रुवारीला का, याचं उत्तर ईस्टरच्या पौर्णिमेत आहे. पौर्णिमेपासून दीड चांद्रमास मागे गेलं की अमावास्या येते. म्हणून ज्या वर्षी ईस्टर चैत्र पौर्णिमेनंतर असतो, त्या वर्षी महाशिवरात्र आणि राखेचा बुधवार एकाच आठवड्याच्या अंतरात येतात. २०२२ साली तर महाशिवरात्र १ मार्चला आणि राखेचा बुधवार २ मार्चला होता.

मग येतो पवित्र आठवडा. रविवारी झावळ्या हातात घेऊन मिरवणूक. गुरुवारी येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. त्या रात्रीपासून चर्चची घंटा वाजत नाही, ती पुन्हा वाजते ईस्टरच्या मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला. गुड फ्रायडेला कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होतच नाही, वेदी उघडी असते. अनेक मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन अशी उपासना चालते आणि वधस्तंभावरील सात उद्गारांवर एकामागून एक प्रवचनं होतात. कित्येक मंडळ्या ईस्टरची पहिली उपासना पहाटे, अंधार असतानाच करतात. कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी रात्री चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर मोठी मेणबत्ती लावतात, आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली मेणबत्ती पेटत जाते. शनिवारी रात्रीच का, तर यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, ती मोजणी चर्चने मोठ्या सणांसाठी जपली आहे. नाताळची मिस्सा आदल्या रात्री होते तिचं मूळही तिथेच आहे.

ईस्टरनंतरही मोजणी थांबत नाही. चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण, पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण, म्हणजे पेंटेकॉस्ट. २०२६ साली तो २४ मे.

चर्चमध्ये कधी गेलात तर धर्मगुरूंच्या झग्याचा रंग पाहा, वर्ष कुठे आलं ते कळेल. उपवासकाळात आणि नाताळच्या आधीच्या आगमनकाळात जांभळा, ईस्टर आणि नाताळच्या दिवसांत पांढरा, झावळ्यांच्या रविवारी, गुड फ्रायडेला आणि पेंटेकॉस्टला तांबडा, आणि उरलेल्या साध्या दिवसांत हिरवा.

### मग नाताळ का हलत नाही?

येशूचा जन्म कोणत्या दिवशी झाला हे शुभवर्तमानांत दिलेलंच नाही. तो कुठल्या यहुदी सणाच्या आगेमागे झाला, असाही उल्लेख नाही. त्यामुळे चंद्राच्या तिथीला बांधायला काही आधार नव्हता. रोममध्ये २५ डिसेंबरला नाताळ पाळल्याची सर्वांत जुनी नोंद ३३६ सालची आहे. ती रोमच्या सौर कॅलेंडरातली तारीख, म्हणून स्थिर राहिली. गोव्यातला सांजाव २४ जूनला, संत फ्रान्सिस झेवियरचा सण ३ डिसेंबरला आणि तीन राजांचा सण ६ जानेवारीला, हे सगळे तारखेचे सण. वांद्र्याची मोत माउलीची जत्रा मात्र तारीख आणि वार दोन्ही सांभाळते. मरियेचा जन्मदिन ८ सप्टेंबरला, आणि जत्रा त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर.

### रशिया-ग्रीसमध्ये ईस्टर वेगळ्या दिवशी का?

टिळक पंचांग मानणाऱ्या कोकणातल्या घरांत एखाद्या वर्षी गणपती वेगळ्या महिन्यात बसतात. श्रद्धा तीच आणि शास्त्रही तेच, पण गणिताचा आरंभ वेगळा धरलेला असतो. इथेही तसंच आहे.

ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरात वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं धरलं होतं. खरं वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. ही चूक साठत साठत सोळाव्या शतकापर्यंत १० दिवसांची झाली आणि वसंत संपात ११ मार्चच्या आसपास येऊ लागला. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ साली दुरुस्ती केली आणि ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर मानला गेला. आज जगभर चालतं ते हेच कॅलेंडर. ही दुरुस्ती झाली मुख्यतः ईस्टरसाठीच, कारण संपात सरकल्यामुळे सण चुकीच्या पौर्णिमेला जायला लागला होता.

पूर्वेकडच्या बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चने ईस्टरसाठी जुनंच कॅलेंडर ठेवलं. त्यांचा २१ मार्च म्हणजे आपला ३ एप्रिल, आणि त्यांच्या कोष्टकातली पौर्णिमाही खऱ्या पौर्णिमेहून काही दिवस उशिरा येते. म्हणून २०२६ साली आपला ईस्टर ५ एप्रिलला आणि त्यांचा १२ एप्रिलला. २०२७ साली तर आपला २८ मार्चला आणि त्यांचा २ मे रोजी.

### एकदाची तारीख ठरवून का टाकत नाहीत?

सूचना जुनी आहे. ब्रिटिश संसदेने १९२८ साली कायदाच केला होता की एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. तो कायदा कधीच अंमलात आला नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितलं की इतर चर्च तयार असतील तर ठरावीक रविवार मान्य करायला हरकत नाही. १९९७ साली सीरियातल्या अलेप्पो इथे झालेल्या वेगवेगळ्या चर्चच्या बैठकीत दुसरा प्रस्ताव आला: पौर्णिमेचा नियम तसाच ठेवायचा, पण कोष्टक सोडून यरुशलेमच्या रेखांशावरून खऱ्या खगोलीय गणिताने दिवस काढायचा. निकिया परिषदेला १७०० वर्षं झाली त्या २०२५ सालच्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनीही सांगितलं की सर्वांची तयारी असलेली समान तारीख स्वीकारायला कॅथलिक चर्च राजी आहे.

मला स्वतःला अलेप्पोचा मार्ग पटतो. एप्रिलचा ठरावीक रविवार घेतला तर शाळा, बँका, विमान कंपन्या सगळ्यांची सोय होईल, पण वल्हांडणाची पौर्णिमा सुटेल, आणि ज्या रात्री येशूला अटक झाली आणि शिष्य गेथशेमाने बागेत झोपले होते त्या रात्रीच्या चंद्राशी असलेलं नातंही सुटेल. ते नातं ठेवून सगळ्यांचा रविवार एक करता येत असेल, तर गणित बदलायला कुणी कचरू नये. अडचण गणिताची नाहीच, कोणत्या चर्चने आधी आपलं कोष्टक सोडायचं याची आहे. तोवर दोन्ही कोष्टकं अधूनमधून आपसूक जुळतात. २०१७ साली १६ एप्रिलला जुळली होती, २०२५ साली २० एप्रिलला. यानंतरचा सर्वांचा मिळून ईस्टर १६ एप्रिल २०२८ रोजी आहे.